सापडलेलं कुत्रं निष्काळजी मालकाला परत द्यायचं का? (इंदूर)

लोकमान्यनगरवाली

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणारे, आधीच माफी मागते.

रंगपंचमीला संध्याकाळी मी आणि नवरा रामबागेत मावशीकडून घरी येत होतो. राजवाड्याकडे गेरेमुळे (रंगपंचमीची मिरवणूक) सगळं जाम म्हणून बड्या गणपतीवरून फिरून आलो तर तिथे एका मेडिकलच्या पायरीला चिकटून हे कुत्रं बसलेलं. लॅब्रेडॉर आहे, नर, तीन-चार वर्षांचा असेल, अंगावर हिरवा-गुलाबी सगळा रंग आणि नुसतं थरथरत होतं. गळ्यात पट्टा होता पण त्यावर नाव नाही नंबर नाही. मी पाणी दिलं तर माझा हात चाटला आणि मग काय, संपलंच. अॅक्टिवावर नवऱ्याच्या आणि माझ्या मध्ये बसवून आणलं, अख्खा रस्ता लोक हसत होते.

आता प्रॉब्लेम असा आहे की मालक सापडलाय. दुसऱ्या दिवशी त्याच मेडिकलवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, अरे हा तर शेरू, एअरपोर्ट रोडच्या बाजूच्या कॉलनीतला, हा तर दर महिन्या-दोन महिन्यांनी इथे येतो, संक्रांतीला पण आला होता, दिवाळीत तर दोन दिवस इथेच होता. म्हणजे ही किमान तिसरी वेळ. नंबर मिळवून फोन केला तर काका शांतपणे म्हणतात, "हो हो आमचाच आहे, निघून जातो तो, येतो आपला आपण." येतो आपला आपण!! मधे मोठा चौक आहे, बस ट्रक सगळं चालतं तिथून. मी विचारलं तुम्ही शोधलंत का, तर म्हणे रंगपंचमी होती ना, घरी पाहुणे होते. आणि वर "तुम्हाला त्रास नसेल तर दोन दिवस राहू द्या, मी बघतो कधी जमतं ते."

आज पाचवा दिवस. त्यांना जमलेलं नाही.

इकडे मुलांनी त्याचं नाव रंग्या ठेवून पण टाकलं. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, दुसऱ्याची वस्तू आहे, उद्याच्या उद्या देऊन टाक. आणि काल दुपारी बघते तर ताटातली अर्धी पोळी खाली सोडतायत. नवरा म्हणतो वादात पडू नको, सोडून ये त्यांच्या गेटवर. माझं मन होत नाहीये. जो माणूस पाच दिवस न्यायला येत नाही त्याला परत का द्यायचं? पण नाही दिलं तर ती चोरी होते का? आणि मी कोण ठरवणारी? आमचं घर काही कुत्र्याचं माहेरघर नाही, दोन खोल्या वर दोन खाली, तरी पण...

कोणी असं केलंय का? दिलंत का? नाही दिलंत का? खरं खरं सांगा.

---

एमपी०९_भिया

ताई अजिबात देऊ नका. पाच दिवस न्यायला आला नाही म्हणजे विषय संपला. गाडी हरवली असती तर पाच मिनिटांत ठाण्यात गेला असता की नाही? कुत्रं आहे म्हणून "येतो आपला आपण." नंबर ब्लॉक करा, पट्टा बदला, भिया लोकं दोन दिवसात विसरतात. चौथ्या वेळी तो चौकात गाडीखाली आला की मग फोटो टाकतील दुःखाचे, हे मी स्वतः बघितलंय.

---

निवृत्त_वकील_काका

वरच्या चिरंजीवांनी जो सल्ला दिलाय (नंबर ब्लॉक करा, पट्टा बदला) तेवढं सोडून बाकी काहीही करा. रागावू नका, पण एका साध्या कामाचा गुन्हा कसा होतो ते हेच.

ताई, कायद्याच्या भाषेत कुत्रं म्हणजे माल. मला पण हे बोलताना बरं वाटत नाही, घरात अकरा वर्षं पामेरियन होती आमच्या, पण आहे ते आहे. सापडलेल्या मालाबद्दल १८७२ च्या करार कायद्यात कलम ७१ आहे, ज्याला वस्तू सापडली आणि ज्याने ती ताब्यात घेतली त्याची जबाबदारी एखाद्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूइतकीच. म्हणजे सांभाळायचं नीट, आणि मालकाचं ते मालकाचं. मालक कोण हे माहीत असताना लपवून आपलं म्हणून ठेवलं तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१४ आहे, बेइमानीने दुसऱ्याची मालमत्ता आपलीशी करणे. जुन्या आयपीसीत ते ४०३ होतं. तुम्ही मालकाला स्वतःहून फोन केलाय, पत्ता लपवलेला नाही, म्हणून आज तुम्ही पूर्ण स्वच्छ आहात. पट्टा बदलून नंबर ब्लॉक केलात की मग नाही.

आता तुमच्या बाजूचं सांगतो, हे फार लोकांना माहीत नसतं. त्याच कायद्यात कलम १६८ आहे. सापडलेली वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला तुम्ही जो खर्च केला, जो त्रास घेतला, त्याची भरपाई मिळेपर्यंत तुम्ही ती वस्तू अडवून ठेवू शकता. त्या खर्चासाठी दावा नाही लावता येत, मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर गोष्ट वेगळी, पण पैसे देईपर्यंत वस्तू न देण्याचा हक्क आहे. म्हणून डॉक्टर, औषध, खाणं, सगळ्याच्या पावत्या ठेवा. वाजवी खर्चच लावा, पाचशेचे पाच हजार नको.

आणि दुर्लक्षाचं म्हणाल तर प्राण्यांवरील क्रूरतेचा १९६० चा कायदा आहे. त्यात कलम ११ मध्ये पुरेसं अन्नपाणी निवारा न देणे, फार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणे, सोडून देणे हे तर आहेच, पण नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालक फिरवत नसेल तर ते पण लिहिलेलं आहे. वाचून लोकांना आश्चर्य वाटतं. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. १९६० साली लिहिलेले पन्नास रुपये, आज छप्पनवर (आपली खाऊगल्ली) दोघांचे पोहे-जलेबी होतील कसेबसे. कलम २९ प्रमाणे कोर्ट मालकी काढून घेऊ शकतं, पण ते दोषी ठरल्यावर. कोर्ट काढतं, शेजारीण नाही.

फाटक उघडं राहिलं एवढ्यावर हे कलम लागत नाही. बेफिकिरी आणि क्रूरता यात अंतर आहे आणि तुमच्या पोस्टमध्ये मला अजून तरी फक्त बेफिकिरी दिसतेय.

एक काम आजच करा. काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा की कुत्रं अमुक तारखेपासून आमच्याकडे सुखरूप आहे, अमुक खर्च झाला, कधी येता. फोनवर बोललेलं हवेत जातं.

---

महू_व्हेट_फायनल_इयर

ताई मी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला आहे, शेवटचं वर्ष. डॉक्टर नाही अजून, म्हणून हे डॉक्टरला दाखवण्याच्या ऐवजी धरू नका प्लीज.

मला एक सांगायचंय की सापडलेल्या कुत्र्याची हालत बघून लोक लगेच मालकाला शिव्या देतात आणि अर्ध्या वेळा चुकतात. रस्त्यावर दोन-तीन दिवस काढले तरी चांगल्या घरचं कुत्रं भिकाऱ्यासारखं दिसतं. घाण, गोचीड, पंजे सोललेले, जुलाब, घाबरून शेपूट आत, हे सगळं दोन दिवसात होतं. यातलं काहीही मालकाविरुद्ध पुरावा नाही.

जे दोन दिवसात होऊच शकत नाही ते बघा:

नखं. रोज रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं घासली जातात. लांब वळलेली असतील, फरशीवर टकटक वाजत असतील तर ते चालतच नाही.

कोपर. पुढच्या पायाच्या कोपराला केस जाऊन काळी जाड कातडी, घट्टा. कडक फरशीवर महिनोन्‌महिने पडून राहिलं की येतो, जड जातीत जास्त.

मान. पट्ट्याखालचे केस गेलेत का, जुना व्रण आहे का, पट्टा लहानपणचा राहून कातडीत रुतलाय का. रुतलेला पट्टा म्हणजे मात्र मी पण मालकाची बाजू घेणार नाही.

वजन. बरगड्या हात फिरवल्यावर लागल्या पाहिजेत पण लांबून मोजता येऊ नयेत. बारीक असेल तरी आधी जंत आणि आजार तपासा, सगळं उपाशी ठेवल्यामुळेच नसतं.

आणि हिरड्या बघा. गुलाबी पाहिजेत. पांढुरक्या असतील, खात नसेल, ताप असेल तर उशीर करू नका, गोचिडीतून होणारा ताप आपल्याकडे भरपूर आहे आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरकडे जाल तेव्हा मायक्रोचिप पण स्कॅन करायला सांगा, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली असते, १५ आकडी नंबर येतो. बहुतेक नसेलच पण दोन सेकंदांचं काम आहे.

रंग काढायला रॉकेल स्पिरिट काही लावू नका हं, लोक लावतात!! कुत्र्यांचा साधा शाम्पू, कोमट पाणी, राहिला तर राहू द्या. आणि रेबीजच्या लशीचं कार्ड हातात येईपर्यंत मुलांना त्याच्या तोंडाशी खेळू देऊ नका. दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना.

---

लोकमान्यनगरवाली

@महू_व्हेट थँक्यू रे बाळा. आत्ता टॉर्च घेऊन सगळं बघितलं, नवरा म्हणतो पोलिस पंचनामा चालू आहे.

नखं लांब आहेत, खूपच. टकटक वाजतात, आम्हाला वाटलं लॅबची अशीच असतात. दोन्ही कोपरांना काळे घट्टे. मानेला पट्ट्याच्या जागी केस विरळ आहेत पण जखम नाही व्रण नाही. हिरड्या गुलाबी. बारीक?? अरे जाड आहे तो! बरगड्या सापडतच नाहीत. डॉक्टरकडे नेलं होतं तिसऱ्या दिवशी, ३८ किलो भरला, त्यांनी सांगितलं सहा-सात किलो कमी करा. गोचीड होत्या, औषध दिलं. चिप नाही. डॉक्टर, औषध, शाम्पू, खाणं मिळून आत्तापर्यंत १,८५० झाले, पावत्या होत्या नशिबाने, पर्समध्ये चुरगळलेल्या.

@वकील_काका मेसेज पाठवला. निळी टिक आली. उत्तर नाही.

---

महू_व्हेट_फायनल_इयर

मग मला जे दिसतंय ते सांगतो, चूक असू शकतं. जाड आहे म्हणजे खायला घालतात, बहुधा लाडाने आणि चुकीचं. नखं आणि कोपर म्हणजे फिरवत अजिबात नाहीत, दिवसभर फरशीवर. व्रण नाही म्हणजे साखळीला ओढून जखमा होण्याइतकं बांधत नाहीत. लॅब हे कामाचं कुत्रं आहे, त्याला नाही पळवलं तर ते स्वतःच स्वतःला पळवतं, फाटक उघडं दिसायचा अवकाश. म्हणजे "पळून जातो" हा त्याचा स्वभाव नाही, न फिरवल्याचा परिणाम आहे. खस्सी केलेला नसेल तर आणखीनच, आसपास कुठे मादी माजावर आली की नर किती लांब जातील सांगता येत नाही.

दुष्ट लोक वाटत नाहीत मला. दमलेले किंवा घाबरलेले लोक वाटतात.

---

एमपी०९_भिया

दमलेले असतील तर पाळलं कशाला? बाकी बोलायचंच नाही.

---

चूक_माझीच_होती

मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. पण आज लिहितो कारण मी तो निष्काळजी मालक आहे. म्हणजे तुमचा नाही, दुसऱ्या कोणाचा तरी.

राजेंद्र नगरला राहतो. चार वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरच्यांनी लड लावली आणि आमची कुत्री (देशी, काळी, रस्त्यावरूनच आणलेली) मागच्या दाराची जाळी फाडून पळाली. ती जाळी सैल होती हे मला सहा महिन्यांपासून माहीत होतं. बायको दर रविवारी सांगायची, मी दर रविवारी म्हणायचो पुढच्या रविवारी. म्हणून नाव असं घेतलंय.

आम्ही रात्री दोनपर्यंत हाका मारत फिरलो. सकाळी कागद छापून खांबाखांबावर. ती एका ताईंना सापडली होती, दीड किलोमीटरवर, तिसऱ्याच दिवशी आम्हाला कळलं पण. आणि त्यांनी दिली नाही. त्यांचं म्हणणं, हिच्या अंगावर गोचीड आहेत, पाय कापलेत, उपाशी आहे, तुम्ही हिला सांभाळत नाही. अहो ती तीन दिवस फटाक्यात रस्त्यावर होती! मी लशीचं कार्ड नेलं, पिल्लू असल्यापासूनचे फोटो नेले, माझी मुलगी गेटवर उभी राहून रडत होती आणि आतून ती भुंकत होती, आवाज ओळखून. त्या म्हणाल्या, फोटो कोणाकडेही असतात.

अकरा दिवस लागले. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना फोन केला तेव्हा दिली. मला त्या ताईंचा राग आहे का? आहे. पण खरं सांगू, त्यांनी तिला त्या दिवसांत जे खायला घातलं, पायाला पट्टी केली, रात्री जवळ घेऊन बसल्या, त्याबद्दल मी त्यांना धड थँक्यू पण म्हणू शकलो नाही, इतकं भांडण झालं होतं. आणि त्यांचं एक वाक्य अजून डोक्यात आहे, "जाळी दुरुस्त केलीत का?" मी तोपर्यंत केली नव्हती. अकरा दिवस कुत्रीसाठी भांडलो आणि जाळी तशीच होती.

म्हणून ताई, एकदा त्यांच्या घरी जा. फोनवर माणूस वेगळा वाटतो. मी पण फोनवर पहिल्यांदा "हो हो आमचीच आहे" असंच म्हणालो असेन, लाजेने माणूस असा कोरडा बोलतो कधीकधी. घर बघा, फाटक बघा, कुत्रं मालकाला बघून काय करतं ते बघा. फक्त कुत्रं पहिल्या फेरीत घेऊन जाऊ नका.

---

बडोद्याची_सुनबाई

माहेर इंदूर, सध्या बडोदा. आमच्या सोसायटीत सेम केस झाली, उत्तरायणला सापडलेला बीगल. आम्ही दिला परत, होळीला पुन्हा गेटबाहेर. पुन्हा दिला पण या वेळी सोसायटीच्या वेल्डरला बोलावून त्यांच्या फाटकाला स्प्रिंग बसवून घेतली, आपणहून बंद होणारी, आणि पट्ट्यावर नंबर कोरून दिला. त्यानंतर एकदाही बाहेर दिसला नाही. मालक सुधारले का? छे. फाटक सुधारलं.

अजून एक, कोणी दुसरेच "आमचा आहे" म्हणत आले तर सांभाळून. जातिवंत नर बघून ब्रीडिंगसाठी खोटे मालक येतात. फोटो टाकताना एखादी खूण मुद्दाम झाकून ठेवायची आणि येणाऱ्यालाच विचारायचं.

---

लोकमान्यनगरवाली

अपडेट. आज जाऊन आले, एकटीच, रंग्याला न घेता.

मी मनात पूर्ण भाषण तयार करून गेले होते. बंगला छान आहे, बाहेर तुळस, रांगोळी, आणि मराठीच निघाले. बेल वाजवल्यावर काकू आल्या, म्हणाल्या, "शेरू बरा आहे ना गं?" आणि डोळ्यात पाणी. माझं भाषण तिथेच गेलं.

तर गोष्ट अशी. कुत्रं मुलाने आणलं, इंजिनिअरिंगला असताना, मित्रांनी वाढदिवसाला दिलं. दोन वर्षं त्यानेच सगळं केलं, सकाळ-संध्याकाळ फिरवणं, लस, सगळं. मग पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. काकांचा गुडघा बदललेला, ३८ किलोचं धूड त्यांना ओढून पाडतं, एकदा पाडलंय पण. काकूंना कुत्र्याची भीती, म्हणजे प्रेम आहे पण भीती पण आहे, लांबून टोस्ट टाकतात, पोहे टाकतात, शेव पण!! दिवसाला सात-आठ टोस्ट सहज. महूच्या बाळाने इथे बसून जे सांगितलं ते शब्दशः निघालं, मला काटाच आला.

आणि पळतो कधी? कचरा गाडीच्या वेळी. रोज सकाळी गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की काकू ओला-सुका दोन्ही डबे घेऊन फाटक उघडतात, दोन्ही हात भरलेले, आणि हा मागून तीर. आपलं शहर स्वच्छतेत नंबर एक आणि तेवढ्यात यांचा शेरू चौकात. मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. रंगपंचमीला तर पाहुण्यांसाठी फाटक सताड उघडंच होतं.

काका आले नाहीत पाच दिवस कारण, काकूंनी हळूच सांगितलं, न्यायला कसं जायचं हाच प्रश्न, गाडी चालवता येत नाही आता, आणि रिक्षावाला कुत्रं घेत नाही, आणि हे कोणाला सांगायची लाज. मग ते "बघतो जमेल तसं." काका स्वतः माझ्याशी फार बोलले नाहीत. १,८५० मात्र लगेच काढून दिले, मी नको नको म्हणत होते तरी. घेतले शेवटी. लशीचं कार्ड दाखवलं, मुलगा गेल्यापासून रेबीजचा बूस्टर झालेलाच नाही, म्हणजे दीड वर्ष.

मग काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे रमलाय का? रमला असेल तर तुम्हीच ठेवा." काका पटकन म्हणाले, "मुलाला विचारल्याशिवाय काही नाही." तिथेच व्हिडिओ कॉल लावला. मुलगा ऑफिसात होता, सगळं ऐकून एकदम म्हणाला, "आई, तो माझा आहे, कोणाला द्यायचा नाही." मला राग आला, खरं सांगते. तुझा आहे तर ने ना पुण्याला! पण तो पण काय करणार, चार पोरं एका फ्लॅटमध्ये, घरमालक कुत्रं चालू देत नाही.

म्हणजे ज्याचा जीव आहे त्याच्याकडे जागा नाही, ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्यात ताकद नाही, आणि माझ्याकडे... माझ्याकडे चार खोल्यांत सहा माणसं आहेत. आता बोला.

---

निवृत्त_वकील_काका

पैसे घेतलेत ते उत्तम केलंत, पण लक्षात घ्या, भरपाई मिळाली की अडवून ठेवण्याचा हक्क संपला. आता मालक म्हणाला आणा, तर न्यावं लागेल.

आणि काकू "तुम्हीच ठेवा" म्हणाल्या ते तोंडी आहे, काका नाही म्हणाले, मुलगा नाही म्हणाला. उद्या खरंच ठेवायचं ठरलं तर साध्या कागदावर लिहून घ्या की आम्ही आमचं कुत्रं, वर्णन, अमुक तारखेला स्वखुशीने कायमचं यांना देत आहोत, लशीचं कार्ड सोबत देत आहोत. सही काकांची पण आणि मुलाची पण, मुलगा सज्ञान आहे आणि कुत्रं त्याला भेट मिळालेलं आहे, म्हणजे काटेकोर बघितलं तर मालक तोच. ही घरगुती भांडणं मी आयुष्यभर बघितली, सगळी "मी कुठे हो म्हटलं होतं" इथूनच सुरू होतात.

---

एमपी०९_भिया

मी जरा जास्त बोललो पहिल्यांदा, मान्य. पण मुद्दा सोडत नाही. बूस्टर दीड वर्ष नाही, ही काकूंची भीती नाही, काकांचा गुडघा नाही, हा सरळ आळस आहे. डॉक्टर घरी येऊन लस देतात इंदूरमध्ये, एक फोन लागतो. मुलगा पुण्यात बसून "माझा आहे" म्हणतो तर त्याने पुण्यात बसून फोन करायचा. व्हिडिओ कॉलवर कुत्रं फिरवता येत नाही पण डॉक्टर तर बोलावता येतो?

---

चूक_माझीच_होती

@भिया बरोबर आहे तुझं. हेच मुलाला सांगा ताई, याच शब्दांत. मला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

---

महू_व्हेट_फायनल_इयर

परत जाणार असेल तर निदान एवढं: फिरवायला पगारी माणूस, सकाळी कचरा गाडीच्या आधी. कारण फिरून आलेलं कुत्रं फाटक उघडं असलं तरी निम्म्या वेळा पडून राहतं. गाडी यायच्या वेळी त्याला आतल्या खोलीत. खस्सी करून घ्या. टोस्ट बंद. शेव तर बंदच बंद, मीठ-मसाला काय चाललंय! ओढत असेल तर गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, ओढाओढ कमी होते, काकांना पण कधी धरता येईल.

आणि ताई तुमच्या सासूबाईंना सांगा पोळी पण बंद. ३८ किलो!!

---

लोकमान्यनगरवाली

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, तो महूचा मुलगा लग्नाचा आहे का, फार शिस्तीचा दिसतो.

मुलाला भियाचा मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड केला (भिया माफ करा, शिव्या काढून). अर्धा तास काही नाही. मग त्याचा फोन आला, पहिल्यांदा जरा घुश्श्यात होता, मग म्हणाला रविवारी सकाळी येतो, शनिवारच्या रात्रीच्या बसने. फिरवायला माणूस बघतोय, पगार तो देईल म्हणाला. फाटकाला स्प्रिंग लावायचं मी काकूंना सांगितलंय, वेल्डरचा नंबर पण दिला. लस आम्ही आज इथेच देऊन घेतली, त्याने लगेच पैसे पाठवले, मागावे नाही लागले.

मुलांना अजून सांगितलेलं नाही. धाकटी रोज त्याला "रंग्या" म्हणते आणि तो येतो, मी काल हळूच "शेरू" म्हणून बघितलं तर उठून दारापर्यंत धावत गेला आणि तिथे उभा राहिला शेपूट हलवत, दाराकडे तोंड करून. मी परत "शेरू" म्हटलं नाही.

रविवारी बघू. गेट बंद झालंय का ते आधी स्वतः जाऊन बघणारे, मग कुत्रं.